बंडखोर लीगचा हिशेब

२०१२ च्या मार्च महिन्यात हॉकीच्या नकाशावर निपाणी नेमकी कुठं येते, हे सांगणं सोपं नव्हतं. सरकारी कागदानुसार ती कर्नाटक लायन्सच्या हद्दीत होती. भाषेनं, बाजारपेठेनं आणि पै-पाहुण्यांच्या हिशेबानं मात्र ती पुणे स्ट्रायकर्सच्या बाजूची. घोळ एवढ्यावर थांबत नव्हता. लायन्सची जर्सी घालून मैदानात उतरला होता तो खुद्द पुण्याच्या खडकीचा धनराज पिल्ले. वय वर्षं ४३. चार ऑलिंपिक खेळून झालेला, निरोप घेतलेला आणि आता पुन्हा काठी हातात धरलेला. बेळगावातल्या मराठी हॉकीप्रेमीनं घोषणा कुणाच्या नावानं द्यायची, याचं उत्तर सीमावादावरच्या महाजन आयोगाच्या अहवालातही नव्हतं.

ही स्पर्धा होती वर्ल्ड सिरीज हॉकी. आठ संघ: चंडीगढ, भोपाळ, चेन्नई, दिल्ली, पंजाब, मुंबई, पुणे आणि कर्नाटक. २९ फेब्रुवारीला सुरुवात, २ एप्रिलला अंतिम सामना. ३४ दिवसांत ५९ सामने. आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाची मान्यता नाही आणि देशाचा संघ निवडणाऱ्या संस्थेचा उघड विरोध. पहिला हंगाम पार पडला, दुसरा कधी झालाच नाही.

क्रीडा व्यवसायाच्या इतिहासात अशा स्पर्धांना बंडखोर लीग म्हणतात. प्रस्थापित संघटनेला वळसा घालून, तिच्याच खेळाडूंना जास्त पैसे दाखवून समांतर दुकान थाटायचं, हा त्यांचा मार्ग. बहुतेक बंडखोर लीग पैशाअभावी बुडतात. बुडण्याआधी मात्र त्या एक गोष्ट करून जातात: खेळाडूची किंमत किती असू शकते, ते जाहीरपणे सांगून टाकतात. त्याचा नमुना वर्ल्ड सिरीजच्या बरोबर ४० वर्षं आधी कॅनडातल्या बर्फावर घडला होता.

विनिपेगच्या चौकातला धनादेश

आइस हॉकी हा आपल्या हॉकीचा दूरचा भाऊ. धारदार पात्याचे बूट घालून बर्फावर सरकत खेळायचं. एका संघाचे गोलरक्षकासह सहा जण मैदानात, २० मिनिटांची तीन सत्रं आणि चेंडूऐवजी एक इंच जाडीची, तीन इंच व्यासाची कडक रबरी चकती. तिला पक म्हणतात. चाकांच्या बुटांवर मोटारींखालून सरपटत जाण्याचे विक्रम करणाऱ्या बेळगावच्या मुलांना त्यातला तोल आणि वेग समजावून सांगावा लागणार नाही. नवल वाटेल ते या खेळाच्या अर्थकारणाचं.

उत्तर अमेरिकेत १९१७ पासून या खेळावर नॅशनल हॉकी लीगची, म्हणजे एनएचएलची सत्ता होती. तिथल्या खेळाडूंच्या करारात एक कलम असे. त्यानुसार कराराची मुदत संपली, तरी खेळाडूवरचा क्लबचा हक्क संपत नसे. क्लब करार पुढे वाढवी, खेळाडूनं मुकाट सही करायची किंवा घरी बसायचं. दुसऱ्या क्लबकडं जास्त पगार मागायची सोयच नव्हती. मालकांना हे सोयीचं होतं आणि स्टेडियम भरलेली होती.

१९७१ मध्ये गॅरी डेव्हिडसन आणि डेनिस मर्फी या दोन कॅलिफोर्नियावाल्यांनी वर्ल्ड हॉकी असोसिएशन नावाची दुसरी लीग जाहीर केली. बास्केटबॉलमध्ये या दोघांनी असा उद्योग आधी करून पाहिला होता. आपण त्या कलमाला बांधील नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. एनएचएलवाले हसले. २७ जून १९७२ रोजी ते हसू मावळलं.

त्या दिवशी विनिपेग शहराच्या पोर्टेज आणि मेन या गजबजलेल्या चौकात लोकांची तोबा गर्दी झाली. शिकागो ब्लॅक हॉक्सचा बॉबी हल, आदल्याच हंगामात ५० गोल करणारा त्या काळातला सर्वांत मोठा तारा, विनिपेग जेट्सच्या करारावर सही करणार होता. दहा वर्षांचा साधारण साडेसत्तावीस लाख डॉलरचा करार, त्यातले दहा लाख सही करताच. एकट्या विनिपेगला ते झेपणारं नव्हतं, म्हणून नव्या लीगच्या सगळ्या क्लबांनी वर्गणी काढली. हलनं दहा लाखांचा आकडा म्हणे चेष्टेत सांगितला होता, एवढे कोण देणार म्हणून. देणारे भेटले. हलच्या पाठोपाठ एनएचएलचे अनेक खेळाडू नव्या लीगकडं वळले.

शिक्षा लगेच झाली. त्याच सप्टेंबरमध्ये कॅनडा विरुद्ध सोव्हिएत संघ अशी आठ सामन्यांची ऐतिहासिक मालिका होती. कॅनडाच्या संघातून हलला वगळण्यात आलं, कारण तो आता एनएचएलचा राहिला नव्हता. देशासाठी खेळायचं की पैशासाठी, हा प्रश्न त्याला कुणी विचारलाही नाही. उत्तर परस्पर देऊन टाकलं.

फुटलेला बर्फ, न आलेला चषक

११ ऑक्टोबर १९७२ रोजी बारा संघांनिशी सुरू झालेला तो पहिला हंगाम म्हणजे निम्मी क्रांती, निम्मा तमाशा. फिलाडेल्फिया ब्लेझर्सनं बॉस्टनचा डेरेक सँडरसन २६ लाख डॉलरहून मोठ्या करारावर आणला. घरच्या मैदानावरच्या पहिल्या सामन्याच्या दिवशी बर्फ गुळगुळीत करणारं अवजड यंत्रच बर्फात रुतलं. बर्फ फुटला, सामना रद्द. प्रेक्षकांना आठवण म्हणून नारिंगी चकत्या फुकट वाटल्या होत्या. संतापलेल्या लोकांनी त्याच मैदानात भिरकावल्या. सँडरसन जेमतेम आठ सामने खेळला. नंतर क्लबानंच त्याला दहा लाख डॉलर देऊन मोकळं केलं. न्यूयॉर्कच्या संघाचे हाल निराळेच. दुसऱ्या हंगामात त्याचं नाव बदललं आणि हंगाम संपण्याआधी त्यानं शहरही सोडलं. न्यू इंग्लंड व्हेलर्सनं अंतिम फेरीत विनिपेगला ४-१ असं हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं, तेव्हा विजेत्याचा अ‍ॅव्को चषक तयारच झाला नव्हता. दुसरंच एक पारितोषिक उंचावून त्यांनी मैदानाला फेरी मारली.

खरा सामना मात्र कोर्टात झाला. ८ नोव्हेंबर १९७२ रोजी फिलाडेल्फियाचे संघराज्य न्यायाधीश लिऑन हिगिनबॉथम यांनी त्या कलमाची अंमलबजावणी रोखली. मक्तेदारीविरोधी कायद्याच्या कसोटीवर एनएचएलचं वागणं टिकणारं नाही, असा त्यांच्या आदेशाचा रोख होता. कोर्टाच्या मनाईमुळं सुरुवातीचे काही सामने बाहेर बसलेला हल त्यानंतर बर्फावर उतरला आणि त्यानं त्या हंगामात ५१ गोल केले.

पुढच्या वर्षी गॉर्डी हो परतला. एनएचएलमध्ये डेट्रॉइटकडून २५ हंगाम खेळून निवृत्त झालेला हा दिग्गज ४५ व्या वर्षी ह्यूस्टनच्या संघातून उतरला, तोही मार्क आणि मार्टी या आपल्या दोन मुलांबरोबर. लोकांना वाटलं, जाहिरातीचा फंडा आहे. होनं शंभर गुण मिळवले, लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि ह्यूस्टननं विजेतेपद पटकावलं.

ही लीग सात हंगाम टिकली. १९७९ मध्ये तिचे एडमंटन, विनिपेग, क्विबेक आणि न्यू इंग्लंड हे चार संघ एनएचएलमध्ये सामावले गेले, बाकीचे विरले. एडमंटनबरोबर एनएचएलला वेन ग्रेट्झ्की मिळाला. सतराव्या वर्षी त्याला व्यावसायिक करार दिला होता तो या बंडखोरांनीच. युरोपातले खेळाडू मोठ्या संख्येनं आणायचा पायंडा विनिपेगनं स्वीडनच्या अँडर्स हेडबर्ग आणि उल्फ निल्सन यांच्यापासून पाडला. बरोबरी टाळण्यासाठी साखळी सामन्यातही जादा वेळ खेळवायची बंडखोरांची पद्धत एनएचएलनं १९८३-८४ मध्ये स्वीकारली. आणि पगार? दोन्ही लीगच्या ओढाताणीत ते वर चढले, ते पुन्हा उतरले नाहीत.

इनामाची कुस्ती, नोकरीची हॉकी

इकडं आपल्याकडं खेळाला पैसा नवा नव्हता. निपाणी, चिकोडी, बेळगावच्या जत्रांतल्या कुस्तीच्या मैदानात जोड ठरताना इनामही ठरे, आणि कोणत्या नंबरच्या कुस्तीला किती, हे हलगीच्या तालावर पुकारलं जाई. मल्लाची किंमत चारचौघांत सांगायला कुणाला संकोच वाटत नसे. हॉकीचं तसं नव्हतं. कलकत्त्याचा बेटन चषक १८९५ पासूनचा, मुंबईची आगाखान स्पर्धा १८९६ पासूनची. पण या खेळाची शिस्त पलटणीतली आणि नीती हौशी. पैसे घेऊन खेळणारा ऑलिंपिकला अपात्र ठरे.

म्हणून मोबदला नोकरीच्या रूपानं मिळे. सैन्यदल, रेल्वे, पोलीस, एअर इंडिया, महिंद्रा, टाटा. हॉकीपटूचा पगार तो कारकून किंवा हवालदार म्हणून, आणि गोल मात्र कंपनीच्या नावावर. बेळगावचे बंडू पाटील १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकसाठी निवडलेल्या भारतीय संघात होते. त्या संघानं २३ ऑक्टोबरला मोहिंदरलाल यांच्या एकमेव गोलवर पाकिस्तानला हरवून सुवर्णपदक आणलं. त्या पिढीनं देशाला सोनं दिलं. बाजारात आपली किंमत काय, हे तिला कधी कळलं नाही, कारण बाजारच नव्हता.

धनराजच्या पिढीला तो बाजार देशाबाहेर सापडला. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत, मोडक्या काठ्या सुतळीनं बांधून खेळायला शिकलेला हा मुलगा महिंद्रा आणि एअर इंडियाकडून खेळला. पण व्यावसायिक करार त्याला दिले ते लंडनच्या इंडियन जिमखान्यानं, फ्रान्समधल्या लिऑननं, जर्मनीतल्या स्टुटगार्ट किकर्सनं, मलेशियातल्या क्लबांनी, ढाक्याच्या अबाहनीनं आणि हाँगकाँगच्या खालसा क्लबनं. १९९८ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली बँकॉकच्या एशियाडमध्ये भारतानं ३२ वर्षांनी सुवर्णपदक जिंकलं. अंतिम सामन्यातले पेनल्टी स्ट्रोक अडवणारा गोलरक्षक होता आशिष बल्लाळ. पदक घेऊन परतल्यावर धनराज, बल्लाळ आणि आणखी काही ज्येष्ठ खेळाडू संघाबाहेर काढले गेले. विश्रांती दिली, असं भारतीय हॉकी महासंघाचं म्हणणं. मानधनाबद्दल तोंड उघडल्याची ती किंमत होती, असं धनराजचं.

दोन महासंघ, एक खेळ

भारतात व्यावसायिक लीगचा पहिला प्रयत्न २००५ मध्ये झाला. भारतीय हॉकी महासंघ आणि ईएसपीएन-स्टार यांची प्रीमियर हॉकी लीग, हैदराबादच्या गच्चीबावलीत. मराठा वॉरियर्स नावाच्या संघाचं नेतृत्व धनराजकडं होतं. विजेते ठरले हैदराबाद सुलतान्स. या लीगनं ७० मिनिटांचा सामना दोनऐवजी चार तुकड्यांत वाटला. टीव्हीला जाहिरातीची जागा हवी होती आणि खेळाडूला श्वास. आंतरराष्ट्रीय महासंघानं चार सत्रांची पद्धत २०१४ मध्ये स्वीकारली. प्रीमियर लीग मात्र २००८ नंतर झाली नाही.

२००८ हे वर्षच अशुभ होतं. मार्चमध्ये चिलीतल्या पात्रता स्पर्धेत ब्रिटनकडून हरल्यामुळं भारत इतिहासात पहिल्यांदा ऑलिंपिकला मुकला. एप्रिलमध्ये महासंघाच्या सचिवावर लाचखोरीचा आरोप झाला आणि के.पी.एस. गिल यांच्या अध्यक्षतेखालचा महासंघ भारतीय ऑलिंपिक संघटनेनं निलंबित केला. २००९ मध्ये हॉकी इंडिया ही नवी संस्था आली. जुना महासंघ कोर्टात गेला. खेळ एक आणि त्यावर हक्क सांगणारे दोन, अशी अवस्था झाली.

या फटीतून वर्ल्ड सिरीज हॉकी उगवली. जुना महासंघ आणि क्रीडा प्रक्षेपणातली निंबस कंपनी यांनी ती उभी केली. बंडखोर लीगसाठी लागणारं सगळं इथं हजर होतं: पैसे ओतायला तयार असलेला टीव्ही व्यावसायिक, नाराज खेळाडू आणि चिडलेली अधिकृत संस्था. एका बाबतीत मात्र नशीब फुटकं होतं. डिसेंबर २०११ मध्ये भारतीय क्रिकेट मंडळानं थकलेल्या पैशांवरून निंबसचा प्रक्षेपण करार रद्द केला. ज्या खिशावर हॉकीची लीग उभी राहायची, तोच फाटला.

दुसरीकडं, २६ फेब्रुवारी २०१२ रोजी दिल्लीत भारतानं फ्रान्सला ८-१ असं हरवून लंडन ऑलिंपिकचं तिकीट मिळवलं. तीनच दिवसांनी वर्ल्ड सिरीज सुरू झाली. लंडनचं स्वप्न असलेल्या खेळाडूला मान्यता नसलेल्या स्पर्धेपासून दूर राहणं भाग होतं. सरसकट सगळे राहिले नाहीत. अर्जुन हलप्पा लायन्सचा कर्णधार झाला. पाकिस्तानचे रेहान बट आणि शकील अब्बासी यांनी आपल्या महासंघाचा रोष पत्करला. चंडीगढ कॉमेट्सचा तरुण गुरजिंदर सिंग स्पर्धेत सर्वाधिक गोल करून गेला. पुढं भारतीय संघाची दारंही त्याच्यासाठी उघडली.

लायन्सच्या बाकावरून धनराज उठे, तेव्हा गॉर्डी होला ओळखणारा एखादा प्रेक्षक स्टेडियममध्ये असता, तर त्याला ते चित्र ओळखीचं वाटलं असतं. फरक एवढाच, की हो परतला तेव्हा लीगला पुढं सहा हंगाम होते.

मुंबईच्या चर्चगेटजवळच्या महिंद्रा स्टेडियमवर अंतिम सामन्यात शेर-ए-पंजाबनं पुणे स्ट्रायकर्सना ५-२ असं हरवलं. दुसऱ्या हंगामाची घोषणा झाली, मग तो पुढं ढकलला गेला आणि मग त्याबद्दल कुणी बोलेना. मानधन पूर्ण मिळालं नाही, अशी तक्रार अनेक खेळाडूंनी केली. हलच्या सहीसाठी वर्गणी काढणारे क्लब इथं नव्हते.

आयोगासमोरचा सामना

बंडाची कोर्टातली बाजूही तशीच रंगली. धनराज आणि आणखी काही माजी खेळाडूंनी २०११ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडं हॉकी इंडियाविरुद्ध तक्रार नेली. मान्यता नसलेल्या स्पर्धेत खेळल्यास कारवाईची भीती दाखवणं म्हणजे वर्चस्वाचा गैरवापर, असा त्यांचा मुद्दा. एका हातानं खेळाचे नियम करायचे आणि दुसऱ्या हातानं स्वतःची लीग विकायची, हे कसं चालेल, हा त्यातला कळीचा प्रश्न. ३१ मे २०१३ रोजी आयोगानं हॉकी इंडियानं कायद्याचा भंग केल्याचं मान्य केलं नाही. पण नियामकाची आणि व्यावसायिकाची भूमिका एकमेकींत मिसळू नये, यासाठी अंतर्गत व्यवस्था करा, असं बजावलं. फिलाडेल्फियात बंडखोरांना जे दार उघडून मिळालं, ते दिल्लीत फार तर किलकिलं झालं.

निकाल लागेपर्यंत हॉकी इंडियानं स्वतःचं दुकान थाटलं होतं. डिसेंबर २०१२ मध्ये खेळाडूंचा लिलाव झाला. त्यात दिल्लीनं सरदार सिंगला ७८ हजार डॉलरला घेतलं. जानेवारी २०१३ मध्ये पाच संघांची हॉकी इंडिया लीग सुरू झाली. त्याआधीच्या ऑलिंपिकमध्ये भारत एकही सामना न जिंकता बाराव्या, म्हणजे शेवटच्या स्थानावर राहिला होता. लोकांना हॉकीकडं परत आणायला लीग हाच मार्ग, हे आता अधिकृत संस्थेलाही पटलं होतं. बंडखोरांच्या मालावर सरकारी शिक्का बसला, एवढाच बदल.

महाराष्ट्राच्या वाट्याला त्यातून काय आलं? मुंबई मॅजिशियन्स पहिल्या दोन्ही हंगामांत मागंच राहिले. पहिल्या वर्षी तर ताबारेषेवरच्या तणावामुळं लीगमधल्या नऊ पाकिस्तानी खेळाडूंना परत पाठवावं लागलं, आणि त्याची सर्वाधिक झळ मुंबईला बसली. मग संघच बदलून दबंग मुंबई आला. २०१७ च्या अंतिम सामन्यात तो कलिंगा लान्सर्सकडून हरला आणि त्यानंतर लीगच थांबली. २८ डिसेंबर २०२४ रोजी ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा पुरुषांच्या आठ संघांत ना पुणे होतं, ना मुंबई, ना बेंगळुरू. सामने राउरकेला आणि रांचीत. लिलावात हरमनप्रीत सिंगला ७८ लाख रुपये मिळाले.

यावेळी पहिल्यांदाच महिलांचीही लीग झाली, चार संघांची. उदिता दुहान ३२ लाखांना गेली, ओडिशा वॉरियर्स विजेते ठरले. सातारा जिल्ह्यातल्या फलटण तालुक्यातून भारतीय संघापर्यंत पोचलेल्या वैष्णवी फाळकेसारख्या मुलींना क्लब शोधायचा तर राज्याबाहेरचाच. १९७२ आणि २०१२ या दोन्ही बंडांत स्त्रियांना जागा नव्हती. कोणत्याही बंडखोर मालकानं त्यांच्यासाठी वर्गणी काढली नाही.

उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकीपटू स्त्रियांनी म्हणून बंड स्वतःच केलं. मे २०१९ मध्ये जवळपास दोनशे जणींनी जाहीर केलं, की पुरेसा पगार आणि सोयी मिळेपर्यंत उत्तर अमेरिकेतल्या कोणत्याही व्यावसायिक लीगमध्ये आम्ही खेळणार नाही. चार वर्षं त्या प्रदर्शनी सामन्यांवर राहिल्या. १ जानेवारी २०२४ रोजी टोरंटोत सहा संघांची प्रोफेशनल विमेन्स हॉकी लीग सुरू झाली. त्याआधी, जुलै २०२३ मध्येच खेळाडूंच्या संघटनेनं मालकांशी सामूहिक करार केला होता: किमान वार्षिक पगार ३५ हजार डॉलर आणि प्रत्येक संघात निदान सहा जणींना ८० हजार किंवा अधिक. लीगची घाई एवढी, की पहिल्या हंगामात संघांना टोपणनावंही नव्हती. टोरंटो, मॉन्ट्रियल, ओटावा, बॉस्टन, मिनेसोटा आणि न्यूयॉर्क, एवढंच. टोपणनावं ठरली ती सप्टेंबर २०२४ मध्ये, पगाराचा करार होऊन वर्ष उलटल्यावर.